वर्णन, एका मादीवरून

मिश्रीच्या रिकाम्या डबीत आली ती,
झाकणात डावा तिसरा पाय तुटलेला.
कॉलेजच्या फाटकाशी सीताफळं विकणारी झुंबरबाई
डबी पुढं करून म्हणाली,
"तुमी किडे गोळा करता म्हनं. हे घ्या.
घोरपडदऱ्यात पान गुंडाळून बसली व्हती.
असली म्या तरी बघितली न्हाई."

असली मीही बघितली नव्हती.
आठ डोळे, दोन ओळी,
मागची ओळ जरा जास्तच वाकलेली.
चित्रं ताडून पाहिली, जुने कागद मागवले,
कुठल्याच नावात ती मावेना.
तासिका तत्त्वावरच्या बाईला सूक्ष्मदर्शक चारनंतर मिळतो,
आणि अंबाजोगाईत लाईट चारलाच जाते,
म्हणून कातिणीच्या पायांवरचे काटे
मी मोबाईलच्या बॅटरीवर मोजले.
दोनदा. आकडा दोनदा वेगळा आला.

एकूण लांबी सहा पूर्णांक दोन मिलिमीटर.
पहिला पाय सगळ्यात लांब, मग चौथा, मग दुसरा.
तिसऱ्यासाठी उजवी बाजू धरली.
रंग (अल्कोहोलमध्ये): मळकट पिवळा.
जिवंतपणी कसा होता,
हे एकाच माणसाला माहीत.
"वाळत आलेली करडईची फुलं बगा," झुंबरबाई म्हणाली,
"पिवळं जाऊन तांबडं धरतंय ना, तसली."
नियतकालिकात करडई चालेल का, माहीत नाही.
लिहून टाकली.

पोटाखालचा तुकडा सुईनं सोडवला,
लवंगेच्या तेलात ठेवला.
खोलीभर दाताच्या दवाखान्याचा वास.
काळोख हळूहळू पातळ होत गेला,
आत दोन नळ्या, दोनदा पीळ घेतलेल्या,
टोकाला दोन पिशव्या,
राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान.
यावरून जात ठरते.
"मग कोन्त्या जातीची निघाली?"
अजून कुठल्याच नाही, मावशी.
"बरं हाय की मग तिचं."

उजव्या छिद्रात मेणासारखा डाट होता,
नर जाताना लावून जातो तो.
म्हणजे येऊन गेला होता कुणीतरी,
त्याच दऱ्यात, कदाचित त्याच पानावर.
पान चारवर मी टाइप केलं,
नर : अज्ञात.
बोट थोडा वेळ कळीवरच राहिलं.
मला अज्ञात, एवढंच खरं.

परीक्षकानं विचारलं, नमुना एकच का?
चार रविवार दऱ्यात गेले.
सीताफळाची गुंडाळलेली पानं उलगडली,
तीनशे बारापर्यंत मोजली, पुढं नाही.
मुंग्या निघाल्या, अळ्या निघाल्या,
एका पानात नुसतं रिकामं रेशीम,
ते कुणाचं, सांगता येत नाही.
उत्तरात लिहिलं, शोध घेतला.
एकच मिळाली. एकीवरूनच सांगते आहे.

नावासाठी विचारलं तर झुंबरबाई हसत सुटली.
"कामून? मी काय छताला लटकले का?"
मग थोड्या वेळानं, फळं पुसत,
"इंग्रजीत लिवणार का?"
लॅटिनमध्ये, म्हटलं. मेलेली भाषा आहे.
"मंग लिवा. कोन वाचतंय."

होलोटाइप संग्रहालयात जमा करायचा असतो.
कुपीत ती, शेजारच्या चिमुकल्या नळीत तिचा पाय,
लेबल शिसपेन्सिलीनं, शाई स्पिरिटात विरघळते.
तालुका, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख,
संकलक : झुंबरबाई गणपत डोईफोडे.
कुरिअरवाला पोरगा फॉर्म भरत होता.
आत काय आहे?
कोळी. एक. मेलेला.
किंमत किती टाकू, मॅडम?
मागं रांग होती.
मी म्हटलं, कोळी नाही, कातीण लिही,
आणि तो रकाना
तसाच राहू दे.

डबी घासून परत दिली.
झुंबरबाईनं हुंगली, तोंड वाकडं केलं.
"दवाखान्यावानी वास मारतीय,
आता हिच्यात मिश्री कशी ठिवू?"